प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही

या अंकातले चारही प्रश्न सोलापूरच्या वाचकांचे आहेत आणि चारही शोकांतिकांबद्दल. पहिले दोन तालमीतून आलेले असल्यामुळे त्यांची उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आमचा महाविद्यालयीन गट 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला थडग्याचा प्रवेश बसवतोय. ज्युलिएट मेली असं समजून रोमिओ विष घेतो, नेमकं तिथंच बघणारे हसतात. काय चुकतंय?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हसणाऱ्यांवर चिडू नका. ज्युलिएट औषध घेऊन मेल्यासारखी निजलीय, जिवंत आहे, हे त्यांना माहीत आहे, रोमिओला नाही, आणि त्याला ओरडून सांगायची सोय नाही. ताण साठत जातो. कुठं जरा खोटेपणा दिसला की तो हसण्यातून बाहेर पडतो. तो खोटेपणा कुठं आहे ते हुडकायचं.

बहुतेक वेळा पहिला दोष प्रकाशाचा असतो. थडगं म्हटलं की निळा दिवा आणि चेहऱ्यावर पांढरी पावडर, असं ठरूनच गेलेलं आहे. पण संहिता नीट वाचा. तिच्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, मृत्यूचा फिका झेंडा तिथवर पोचलेला नाही, असं रोमिओ स्वतः म्हणतो. औषधाचा अंमल उतरत आलाय, रक्त पुन्हा खेळू लागलंय. तो ते बघतो, बोलून दाखवतो आणि तरी त्याला उमगत नाही. सबंध नाटकात यापेक्षा जीवघेणी ओळ नाही. निळ्या प्रकाशात लाल ओठ काळे दिसतात, मग ही ओळ पोकळ पडते आणि रोमिओ बावळट वाटतो. चेहऱ्यावर एका बाजूनं ॲम्बर, म्हणजे पिवळसर-नारिंगी प्रकाश टाका, डिमरवर (उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर) 30 ते 40 टक्के. ओठांचा रंग शेवटच्या रांगेतून दिसतोय का, ते दिग्दर्शकानं स्वतः तिथं बसून बघावं.

दुसरा दोष श्वासाचा. पाठीवर सरळ निजलेल्या मुलीची छाती वरखाली होते आणि घट्ट कापडात ते जास्तच दिसतं. ती निजते ती लेव्हल, म्हणजे मंचावरचा चौथरा, 18 इंचांची पुरे. डोक्याखाली चार इंचांची उशी द्या, अंगावर सैल चुण्यांचं कापड टाका आणि प्रेक्षकांच्या बाजूचा हात पोटावर आडवा ठेवायला सांगा. श्वास पोटातून, लहान घ्यायचा. एखादा मोठा श्वास हवाच असेल तर तो रोमिओ आणि पॅरिस (ज्युलिएटच्या बापानं ठरवलेला नवरा) यांच्या तलवारबाजीत उरकावा, तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

तिसरा दोष रोमिओचा. त्यानं रडत एंट्री घेऊ नये. त्याचा निर्णय हद्दपारीत, मांटुआ शहरातच झालाय आणि इथं तो कामाला आलाय. हातात मशाल आहे, पहार आहे, बापाला द्यायची चिठ्ठी नोकराकडे सोपवायची आहे. कामात असलेला माणूस बघताना हसू येत नाही. विषही झटपट चढतं, तसं तो म्हणतोच, तेव्हा आचके देत लोळणं नको. बाटली तोंडाला लावल्यापासून कोसळेपर्यंत आठ-दहा सेकंद खूप झाले. बाटली पूर्ण रिकामी केलेली मात्र दिसली पाहिजे, कारण माझ्यासाठी थेंबही ठेवला नाहीस, असं ज्युलिएट नंतर म्हणते.

तो मरायच्या आधीच ती जागी होते, असा बदल करायचा मोह होईल. डेव्हिड गॅरिकनं 1748 मध्ये लंडनला तसंच केलं आणि ती आवृत्ती पुढं बराच काळ चालली. दोघांना शेवटचा संवाद मिळतो हे खरं. पण मूळ नाटकात ती शांतपणे उठते, मी कुठं असायला हवं ते मला आठवतंय आणि तिथंच मी आहे, असं सांगते आणि माझा रोमिओ कुठाय म्हणून विचारते. तो तिच्या शेजारीच पडलेला असतो. ही जागा घालवू नका.

प्रश्न : याच नाटकाचं रूपांतर आम्ही सोलापुरात घडवतोय. हातोहाती मोबाइल असताना निरोप पोचला नाही हे कोण मान्य करेल? आणि दोन घराण्यांत कशाचा फरक दाखवावा?
– नाट्यगट, पूर्व भाग

उत्तर : निरोप पोचत नाही एवढंच धरून बसलात तर अडकाल. मूळ नाटकात दोन बातम्यांची शर्यत आहे. ज्युलिएटला औषध देणाऱ्या फ्रायर (साधू) लॉरेन्सची रोमिओसाठीची खरी चिठ्ठी घेऊन निघालेला फ्रायर जॉन सोबतीला दुसरा साधू शोधत एका घरात शिरतो. तिथं प्लेगचा संशय येतो आणि आरोग्याचे पहारेकरी दाराला मोहर ठोकून दोघांना आत कोंडतात. दुसरीकडे बाल्थझार हा रोमिओचा इमानी नोकर ज्युलिएटला पुरताना बघतो आणि घोडा पिटाळत मांटुआ गाठतो. खोटी बातमी प्रेमापोटी धावत येते, म्हणून आधी पोचते.

मोबाइलनं तर हे सोपंच होतं. मुलीचा फोन बापानं काढून घेतलाय, त्यामुळे खरी गोष्ट एकाच माणसाकडे आहे आणि त्यानं ती चिठ्ठीत घालून पाठवलीय. इकडे चुलतभावाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला मुलीचा फोटो लागतो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पुण्यात बसलेल्या मुलाला तो कुणीतरी कळवळून फॉरवर्ड करतो. फोन नादुरुस्त, रेंज नाही, बॅटरी संपली, या सबबी वापरू नका. योगायोग हवाच असेल तर तो आधी पेरा. चिठ्ठी नेणारा ज्या रस्त्यानं जाणार तो अडलाय हे दोन प्रवेश आधी सहज कानावर पडू द्या.

लग्नाचा दिवस अलीकडे येतो तो भाग गाळू नका. पॅरिसशी लग्न गुरुवारी ठरलेलं असतं. वेळ मिळावा म्हणून ज्युलिएट बापासमोर खोटीच नमते, बाप इतका खूश होतो की लग्न बुधवारवर आणतो. औषध मंगळवारी रात्रीच घ्यावं लागतं आणि चिठ्ठीचा एक दिवस बुडतो. औषधाचा अंमल मोजून 42 तासांचा. तिनं वेळ मिळवायला केलेली युक्तीच वेळ खाते. रूपांतरात हे वार प्रेक्षकांना पाठ झाले पाहिजेत. भिंतीवरचं कालनिर्णय, हळदीची तयारी, कशानंही दाखवा.

घराण्यांचं म्हणाल तर मूळ प्रस्तावनेच्या पहिल्याच ओळीत दोन्ही घरं तोलामोलाची आहेत असं सांगितलंय आणि वैराचं कारण शेवटपर्यंत दिलेलं नाही. एक मालक आणि दुसरा कामगार, किंवा दोन जाती, असं केलंत तर नाटक चांगलं होऊ शकतं, पण ते वेगळं नाटक. तिथं दोष कुणाचा ते पहिल्या प्रवेशातच ठरतं आणि नियतीला जागा उरत नाही. मूळ धागा हवा असेल तर दोन्ही घरं यंत्रमागवालीच ठेवा, घरात तेलुगू, बाहेर मराठी, देवळात एकाच रांगेत उभी राहणारी.

प्रश्न : सगळं नियतीच घडवत असेल तर पात्रांचा दोष काय? आणि दोष त्यांचा असेल तर नियती कशाला?
– शिक्षिका, साखर पेठ

उत्तर : सोफोक्लीसचं ग्रीक नाटक 'ईडिपस' घ्या. ईडिपस बापाला मारील, आईशी लग्न करील, एवढंच भाकीत सांगतं. लायसचा, म्हणजे न ओळखलेल्या बापाचा, खुनी शोधून काढीनच, हा हट्ट ईडिपसचा स्वतःचा. नाटकात आपण बघतो तो हा शोध, खून तर कधीच होऊन गेलाय. कॉरिंथचा दूत त्याची भीती घालवायला येतो, तुला वाढवणाऱ्या तिथल्या राजाराणीचा तू पोटचा नाहीसच असं सांगतो आणि त्यातूनच सत्य बाहेर पडतं. हे चालू असताना जोकास्टा, त्याची बायको आणि खरी आई, मंचावर आहे आणि बराच वेळ गप्प आहे. तिला त्याच्याआधी कळतं. दिग्दर्शकानं तिला दूताच्या मागं झाकू नये. प्रेक्षकांनी ऐकायचं दूताला आणि बघायचं तिच्याकडे.

'ऑथेल्लो'त तर भाकीतही नाही, एक रुमाल आहे. ऑथेल्लोचं डोकं दुखतं म्हणून त्याची बायको डेस्डिमोना मायेनं तो बांधायला जाते. तो म्हणतो, हा फार लहान आहे, आणि झटकून टाकतो. वर, राहू दे तो, असंही म्हणतो. दोघं निघून जातात, डेस्डिमोनाची सोबतीण एमिलिया रुमाल उचलते आणि आपल्या नवऱ्याच्या, कपटी इयागोच्या, हाती देते. ज्या पुराव्यावर तो पुढं बायकोचा जीव घेतो, तो त्यानंच खाली पाडलाय. गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंजारराव'मध्ये, 1890 साली, हेच नाटक मराठीत आणलं. मत्सराची ही गोष्ट आपल्याकडे लगेच रुजली याचं नवल नाही.

प्रयोग करणार असाल तर रुमाल 12 ते 15 इंचांचा घ्या. मोठा घेतलात तर 'लहान आहे' हे वाक्य खोटं पडतं. पांढऱ्या कापडावर लाल स्ट्रॉबेऱ्या ठळक भरा, जमिनीवरचं कापड गडद ठेवा. हलका रुमाल तरंगत भलतीकडेच पडतो, म्हणून एका कोपऱ्यात दोन-तीन मणी शिवून टाका. विंगेत दुसरा ठेवायला विसरू नका.

प्रश्न : आपल्या जुन्या नाटकांत असा नाट्यात्म उपरोध, म्हणजे प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला नाही अशी रचना, आहे का?
– वाचक, बाळीवेस

उत्तर : भरपूर आहे. 'शाकुंतला'त दुर्वासाचा शाप अनसूया, प्रियंवदा आणि प्रेक्षक ऐकतात. शकुंतला आपल्याच विचारात आहे आणि दुष्यंत दूर राजधानीत. पाचव्या अंकातला दरबार आपण हे ओझं घेऊनच बघतो. शेवट गोड म्हणून ही शोकांतिका नव्हे. मंचावर मृत्यू आणि दुःखी शेवट हवा असेल तर भासाच्या नावावरचं 'ऊरुभंग' वाचा.

संस्कृत नाट्यशास्त्रात यातल्या एका प्रकाराला पताकास्थान असं नावही आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त पहिल्या अंकात सीता रामाच्या कुशीत झोपलीय. हिचं काय प्रिय नाही, असह्य आहे तो फक्त विरह, असं राम म्हणतो आणि प्रतिहारी, म्हणजे द्वारपालिका, आत येऊन सांगते, 'उपस्थितः', म्हणजे आला आहे. आलेला असतो रामाचा हेर दुर्मुख, सीतेबद्दलच्या लोकापवादाची बातमी घेऊन. पण कानाला ऐकू येतं ते विरह आला असंच. प्रतिहारीची एंट्री रामाच्या शेवटच्या शब्दाला चिकटूनच घ्या. तिला आधीपासून विंगेच्या तोंडाशी उभी करा, कारण चालत येण्यात दोन सेकंद गेले तरी ही दोन वाक्यं एकमेकांपासून सुटतात.