कॉलनीजवळच्या तलावाचं पाणी हिरवं पडलंय, आम्ही रहिवासी काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की दोन रविवार सगळ्यांनी मिळून कचरा काढला तरी पाणी हिरवंच आहे आणि वासही जात नाही. मी इंदूरला सिरपूर तलावाच्या बाजूला राहते, आणि माझं स्पष्ट मत आहे की आधी पाणी येतं कुठून ते काठाकाठानं चालत बघा, तेही एप्रिल-मेमधे. तेव्हा पाऊस नसतो, म्हणजे पावसाच्या नाल्यातून काहीच यायला नको ना? तरी धार चालू असेल तर ते बहुतेक कुणाच्या तरी घरातलं सांडपाणी आहे. आम्ही शोधत गेलो तर भर मे महिन्यात एका पाइपातून राखाडी पाणी पडत होतं, वर साबणाचा फेस, त्यात भाताची शितं आणि कोथिंबिरीच्या काड्या अडकलेल्या, बघून पोटात कालवलं अगदी.

हे पाणी म्हणजे शेवाळाला खतच. दिवसा ऊन असतं तोवर शेवाळ ऑक्सिजन सोडतं पण रात्री उलटा वापरतं, म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, आणि लोकांना वाटतं भूक लागलीय बिचाऱ्यांना, की टाका परमल (म्हणजे मुरमुरे), ब्रेड, कणकेचे गोळे. भावना चांगलीच असते हो, पण उरलेलं कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही खातं. शेजारच्या काकूंना मी म्हटलं, काकू, ते भुकेले नाहीत, त्यांचा श्वास कोंडतोय, त्या दिवसापासून त्यांनी कणीक नेणं बंद केलं.

पाइप सापडला की फोटो, तारीख, जागा टाकून ३११ ऍपवर (आमच्या इंदूर महापालिकेचं तक्रारींचं ऍप) तक्रार करा, एकट्यानं नाही, दहा घरांनी, आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागेवरून परत फोटो काढा. सिरपूर आणि इंदूरजवळचाच यशवंत सागर तलाव २०२२ मधे रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले, अशा जागांत सांडपाणी सोडायला आणि मलबा टाकायला २०१७ च्या पाणथळ नियमांनी बंदी आहे, ते तक्रारीत लिहिता येतं. कॉलनीतल्या लहान तलावाला असं नाव नसतं, तिथे शेजाऱ्यांनीच डोळ्यात तेल घालून बघावं लागतं.

जलकुंभी (जलपर्णी) काढाल तर काठावर ढीग ठेवू नका, ती कुजून पहिल्या पावसात सगळं परत पाण्यातच जातं, लांब नेऊन खत करा. काठाचं गवत आणि पाणकणीस मात्र साफसफाईच्या नादात उपटू नका, येणारा गाळ तेच अडवतं, पक्षीही तिथेच घरटी करतात, आणि कुणी सुशोभीकरण म्हणून चहूबाजूंनी सिमेंटची भिंत घालायला निघालं तर जरूर विरोध करा. ऍक्वेरियममधले मासे-कासवं तलावात सोडायची नाहीत. गणपती शाडूचा आणून घरी बादलीत विसर्जन, आमच्याकडे ती माती नंतर तुळशीच्या कुंडीत जाते.

पाणी आत येणाऱ्या जागेचा फोटो इथे टाकलात तर बघून सांगते, शक्यतो सकाळी सहाच्या सुमाराचा काढा, मासे वर येतायत का तेही कळेल.