घडीचा चाकू : खिशातला आणि पेटीतला

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत घडीच्या चाकूबद्दल इतके प्रश्न होते की सगळं सदर त्यालाच दिलं आहे. बटण दाबलं की उघडणारे आणि धाक दाखवायला बाळगले जाणारे चाकू हा आमचा विषय नाही. खाचेत नख घालून दोन हातांनी उघडावा लागतो, त्या साध्या चाकूबद्दलच बोलू.

प्रश्न : माझ्याकडे घडीचे नऊ चाकू झाले आहेत. खिशात रोज एकच असतो. घरातून ऐकावं लागतं, "एवढे चाकू कायले लागतात तुमाले? भाजी त पावशीवरच चिरतो आपन." मला ते आवडतात, पण का, हे धड सांगता येत नाही. (एक वाचक, आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : भाजीपुरतं घरच्यांचं बरोबर आहे, पावशीपुढे, म्हणजे विळीपुढे, घडीच्या चाकूचं काही चालत नाही. पण शेतात पावशी नेता येत नाही. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, ठिबकची १६ मिमीची नळी सरळ कापायची, सुतळी तोडायची, बैलाच्या गळ्यात आवळलेलं दावं सोडवायचं, बांधावर बसून संत्र्याचं साल काढायचं. दिवसभरात अशी दहा बारीक कामं निघतात आणि प्रत्येक वेळी विळा शोधत कोण फिरणार? बाळगायचं कारण इतकं सोपं आहे.

जमवायचं कारण मात्र चाकूच्या पोटात आहे. एक साधा चाकू उघडून उजेडात धरा. मुठीच्या पाठीला आतून एक पोलादी पट्टी दिसेल, ती कमान. पात्याचं बूड एका खिळीवर फिरतं आणि फिरताना कमानीला वर उचलतं. बुडाचा सपाट भाग कमानीखाली आला की ती खाली बसते आणि "टक्" असा आवाज येतो. काही चाकूंत पातं अर्ध्यावर आलं की एकदा थांबतं, तेव्हा बंद करताना बोटं सावध होतात. कुलूप नाही, बटण नाही, फक्त बुडाचा आकार आणि कमानीचा जोर. हे दोन्ही कानशीने घासून एकमेकांना बसवावे लागतात. घासणाऱ्याचा हात चांगला असेल तर पातं उघडं असो की मिटलेलं, कमान मुठीच्या पाठीशी सपाट राहते. अंगठा फिरवून पाहा, कुठे अडखळतो का. चाकू जमवणारे तास तास उघडमीट करत बसतात ते याच आवाजासाठी आणि याच सपाटीसाठी.

दुसरी मजा अशी, की "खिशात मावलं पाहिजे आणि बोट कापू नये" या एकाच अडचणीवर गावोगावच्या कारागिरांनी वेगवेगळा उपाय काढला. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीला नुसती फट पाडून त्यात पातं बसवलं. पातं उघडं अडकवून ठेवणारं फिरतं कडं त्यावर आलं १९५५ मध्ये. जपानच्या मिकी गावच्या हिगोनोकामी नावाच्या घडीच्या चाकूला कमानच नाही. दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि पात्याला मागे एक शेपटी. कापताना ती शेपटी अंगठ्याने दाबून धरायची. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरने १८९७ मध्ये नोंदवलेल्या चाकूत एकेका कमानीवर दोन्ही बाजूंची अवजारं चालवली, म्हणून दोन कमानींत सहा अवजारं मावली. हे तीन शेजारी ठेवून एकामागून एक उघडले की एकापेक्षा जास्त चाकू का लागतात ते आपोआप कळतं.

तिसरं कारण वापरात येतं. साध्या कार्बन पोलादाचं पातं कैरी, लिंबू, संत्रं कापून निळसर राखाडी होत जातं. हा डाग म्हणजे गंज नव्हे, उलट तो तांबड्या गंजाला थोडा अडवतो. दहा वर्षांनी त्या पात्यावर तुमच्याच हातच्या कामाच्या खुणा असतात. म्हणून आमचं मत : नऊ असू द्या, पण नऊही आळीपाळीने खिशात जाऊ द्या. जत्रेतले पंचवीस चकचकीत चाकू पेटीत रचून ठेवणं याला आम्ही छंद म्हणत नाही.

प्रश्न : बाजारात चाकू घेताना काय पाहावं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : पातं उघडून टोक धरा आणि डावीउजवीकडे हलवा. खुळखुळलं तर खीळ ढिली आहे, ठेवून द्या. मिटल्यावर पातं फटीच्या मधोमध बसलं पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर थोड्याच दिवसांत पात्यावर चरा उमटतो. कमान आणि मुठीच्या आतल्या पत्र्यामधून उजेड दिसता कामा नये, कारण तिथूनच पाणी आणि माती आत शिरते. शेवटी पातं सोडून द्या आणि ते आपटून मिटू द्या. मग धार तपासा. मधेच बारीक चपटा ठिपका दिसला, तर धार आतल्या कमानीवर आपटते आहे. असा चाकू कितीही पाजळा, त्याच जागी बोथट होत राहतो.

प्रश्न : आमची संत्र्याची रोपवाटिका आहे. खिशातल्या चाकूनेच डोळे बांधले तर चालेल का? मजूर तसंच करतात, पण या वर्षी बरेच डोळे सुकले. (शेंदूरजनाघाट, ता. वरुड)

उत्तर : डोळा म्हणजे चांगल्या झाडाची सालीसकट काढलेली कळी, ती खुंटाच्या, म्हणजे खालच्या रोपाच्या, सालीत बसवून बांधतात. डोळे सुकण्याची कारणं अनेक असतात, पण चाकूकडे आधी पाहा. खिशातल्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो. असं पातं लाकडात सरळ न जाता वळतं आणि काप मधे खोलगट होतो. डोळ्याची साल खुंटावर पूर्ण टेकत नाही, मधे हवा राहते आणि साल वाळते. कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूने असतो, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. त्यानेच सपाट काप मिळतो. हे चाकू उजव्या आणि डाव्या हाताचे वेगळे येतात. डावखुऱ्या मजुराला त्याचाच द्या, नाहीतर तो कितीही कसबी असला तरी काप वाकडाच जाईल.

जंबेरी किंवा रंगपूर लाइम या लिंबूजातींचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून २० ते २५ सेंमी उंचीवर उभा काप सुमारे अडीच सेंमी आणि आडवा एक सेंमी घ्या. काप फक्त सालीपुरता, आतलं लाकूड चिरू नये. साल पात्याच्या टोकाने उचकटू नका. कलमाच्या चाकूला मागे हाडाचं किंवा पितळेचं बोथट टोक असतं, ते याच कामाचं आहे.

रोग पसरवण्यातही चाकूचा मोठा हात असतो. लिंबूवर्गातला एक्झोकॉर्टिस हा साल फाटण्याचा रोग एका झाडाच्या रसातून पात्यावर आणि पात्यावरून पुढच्या झाडात जातो. स्पिरिटने पुसून किंवा मेणबत्तीवर धरून तो खात्रीने मरत नाही. त्याला सोडियम हायपोक्लोराइटच लागतं, साधारण १ टक्क्याचं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एका मापाला चार मापं पाणी घाला. द्रावण रोज ताजं करा, उन्हात ते उतरतं. मातृवृक्ष, म्हणजे ज्यावरून डोळे घेतो ते झाड, बदललं की पातं त्यात बुडवायचं. हे द्रावण कार्बन पोलाद खाऊन टाकतं, म्हणून संध्याकाळी पातं साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. रोजचंच काम असेल तर स्टेनलेसचा घ्या.

प्रश्न : लाकडी मुठीचा चाकू पावसाळ्यात उघडतच नाही. खिळीत जवसाचं तेल सोडलं तर आणखीच घट्ट झाला. (साकोली, जि. भंडारा)

उत्तर : लाकूड ओल पिऊन फुगलं आणि त्याने पातं आवळलं. वर जवसाचं तेल पडलं. जवसाचं तेल हवेत सुकून कडक होतं, रंगात ते वापरतात ते याच गुणामुळे. खिळीत ते गोंदाचं काम करतं. गोडं तेलही सावकाश चिकट होतं. खिळीत थोडं रॉकेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी हळूहळू उघडमीट करा, निघालेली काळी घाण चिंधीने पुसा, मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचे एकदोन थेंब सोडा. ते सुकत नाही आणि फळं कापायच्या चाकूला चालतं.

जवसाचं तेल फेकू नका, मुठीसाठी ते उत्तम. पण वेळ उन्हाळ्याची : एप्रिल-मे मध्ये लाकूड पुरतं वाळलेलं असताना खीळ वाचवून पातळ हात द्या, दोन दिवस सुकू द्या, असं तीनदा करा. पावसाळ्यात ओल कमी शिरेल. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

मूठ एवढ्यातेवढ्यानेच आवळली असेल तर मुठीचं मागचं टोक लाकडी टेबलावर हलकेच आपटा, पातं नखात धरण्याइतकं बाहेर येतं. ओपिनेलच्या साव्हुआतले लोक हेच करतात.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत जुना चाकू निघाला. बुडावर तारा आणि क्रूस दिसतो, बाकी गंज. घासून चकचकीत करू का? (नरखेड, जि. नागपूर)

उत्तर : नका करू. तारा आणि माल्टीज क्रूस ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची १७६४ पासूनची खूण. जवळ मुकुट आणि त्याच्या दोन्ही अंगांना व्ही आणि आर ही अक्षरं असतील तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १९०१ च्या आतला असायची शक्यता मोठी. जी आणि आर असतील तर जॉर्ज राजाच्या काळातला, बहुधा १९१० नंतरचा. या नावाच्या नकलाही झाल्या, म्हणून अक्षरं भिंगाखाली वाचा : खऱ्या शिक्क्याच्या कडा स्वच्छ असतात. किंमत आहे ती या शिक्क्याला आणि पात्याच्या मूळ रुंदीला. पॉलिशच्या चाकावर धरलात तर दोन्ही मिनिटभरात जातील.

खिळीत हलकं तेल सोडून दोन-तीन दिवस ठेवा. ताकद लावून उघडू नका, नखाची खाच तुटते. तांबडा गंज तेलात भिजवलेल्या अगदी बारीक स्टीलवूलने पात्याच्या लांबीच्या दिशेने काढा, शिक्क्यावर फक्त बोथट काडी आणि कापूस. काळा डाग राहू द्या. मूठ हाडाची असेल तर गरम पाण्यात घालू नका, चिरते.

कासवाच्या पाठीसारखी, अर्धवट पारदर्शक मूठ असेल तर ती सेल्युलॉइड असू शकते. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाची वाफ सोडतं आणि त्याच पेटीतले बाकीचे चाकू गंजतात. एकाच चाकूवर अचानक गंज येऊन शेजारचेही बिघडू लागले तर दोष या मुठीचा. तो वेगळा, हवेशीर ठेवा. चामड्याच्या म्यानात कोणताच चाकू कायमचा ठेवू नये, चामडं ओल धरतं.

प्रश्न : आमच्या गावचा लोहार विळे-खुरपी फार छान करतो. त्याच्याकडून घडीचा चाकू करून घेता येईल का? (पवनी, जि. भंडारा)

उत्तर : पातं नक्की होईल. विदर्भातलं लोहारकाम आजकालचं नाही, नागपूर जिल्ह्यात नायकुंडच्या उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे. अडचण कमानीची. पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून बुडवून कडक केल्यावर, पातं पुन्हा हलकं तापवून पिवळसर रंगावर, सुमारे २२० अंशांवर उतरवायचं आणि कमान निळ्या रंगावर, ३०० अंशांच्या आसपास. दोन्हींना सारखाच ताव दिला तर एकतर पातं मऊ राहतं, नाहीतर कमान पहिल्याच महिन्यात तुटते. विळे करणाऱ्याला निळ्या तावाची सवय नसते.

म्हणून सुरुवात हिगोनोकामीच्या घाटाने करा, त्यात कमानच नाही. ट्रकच्या कमानपट्ट्याचं ३ मिमी जाड, ७ सेंमी लांब पातं, मागे दीड सेंमीची शेपटी. सव्वा मिमीचा पितळी पत्रा दुमडून मूठ. ४ मिमीची पितळी खीळ, दोन्ही बाजूंना पातळ वायसर. पातं चुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत तापवून, त्याहून किंचित पुढे नेऊन कोमट तेलात बुडवावं. पाण्यात बुडवलं तर या पोलादाला चीर जाते. खीळ ठोकताना मधेमधे पातं फिरवून पाहायचं. जास्त ठोकली तर उघडत नाही, कमी ठोकली तर खिशात आपोआप उघडतं, आणि दुसरं जास्त वाईट.

प्रश्न : चाकू खिशात ठेवून बाजारात, एसटीत, ताडोब्याला गेलं तर पोलीस पकडतील का? (चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : शस्त्र नियमांत ज्या पात्याला परवाना लागतो ते ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असतं, आणि त्यातूनही घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं वगळली आहेत. तीन इंचांचा घडीचा चाकू यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण, निवडणूक किंवा तणावाच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश निघतो आणि त्यात चाकू, काठ्या सगळंच येतं. एका आदेशाची मुदत साधारण १५ दिवस असते. तेवढे दिवस चाकू घरी ठेवा. कोर्टात, मतदान केंद्रावर, मिरवणुकीत एरवीही नेऊ नका. विमानात जाताना हातातल्या पिशवीत नको, आत जमा होणाऱ्या सामानात चालतो.

ताडोब्याचं वेगळं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये "शस्त्र" या शब्दाच्या व्याख्येतच चाकू आहे, आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शस्त्र नेण्यास मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी लेखी परवानगी लागते. दोन इंचांचं पातं असलं तरी हाच नियम. सफारीला जाताना चाकू मुक्कामाच्या खोलीवर ठेवा. आणि मुठीसाठी म्हणून जंगलात गळून पडलेलं चितळाचं किंवा सांबराचं शिंगही उचलू नका, त्यावरही गुन्हा होतो. शिंगाची मूठ हवीच असेल तर पाळीव म्हशीचं शिंग घ्या. ते कापायला सोपं, पॉलिश छान घेतं. फक्त पहिली दोन वर्षं थोडं आकसतं, म्हणून खिळी ठोकण्याआधी ते कापून सावलीत निदान सहा महिने वाळू द्या.