पेडलवरून पाय सटकतो

प्रश्न : मी पुण्यात वेताळ टेकडीवर माउंटन बाईक चालवते. पावसाळ्यात खडबडीत उतारावर पाय पेडलवरून सटकतो. बुटाला अडकणारे पेडल घेऊ की सपाटच?

उत्तर : ताई, सपाटच घ्या. ओल्या दगडावर तोल गेला की पाय क्षणात जमिनीवर टेकता आला पाहिजे, आणि तो विश्वास सपाट पेडलवर लवकर येतो. दुकानात पेडल हातात घेऊन अंगठा फिरवा. दोन्ही बाजूंना आठ-दहा टोकदार पिना लागल्या पाहिजेत, त्याही स्क्रूसारख्या काढून बदलता येणाऱ्या. मधला भाग कडांपेक्षा किंचित खोल असेल तर तळवा छान बसतो. नायलॉनचे पेडल खुशाल घ्या. स्वस्त असतात, आणि दगडावर आपटले तर बहुधा घसरून पुढे जातात.

पण आधी तुमचे बूट बघा! खोल नक्षीचे ट्रेकिंगचे बूट असतील तर पिना नीट रुतत नाहीत. सपाट, मऊ रबराचा तळ हवा. उतारावर टाच खाली दाबा.

नडगीला गार्ड मात्र घालाच. माझ्या उजव्या नडगीवर पिनांचे चार पांढरे ठिपके आहेत, एका ओल्या सकाळचे. टाके पडले होते, म्हणून कळकळीने सांगतोय.

बसवताना आट्यांना ग्रीस लावा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. जोर करून चुकीचं फिरवलंत तर क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्याचे, आटे जातात.