यकृताची इजा दिसली की चमकणाऱ्या रेणूवर, म्हणजे प्रोबवर काम सुरू करतेयस, तर आधी हे बघ

पहिलं म्हणजे एचईपीजी२ या मानवी यकृत-कर्करोगाच्या पेशींवर पॅरासिटामॉल ओतून प्रोब उजळायची वाट बघत बसू नकोस. या पेशींत सीवायपी२ई१ एन्झाइम फारच कमी असतं, त्यामुळे औषधापासून होणारं विषारी एनएपीक्यूआय पुरेसं बनतच नाही. उंदराच्या यकृतातून ताज्या काढलेल्या पेशी किंवा हेपाआरजी या मानवी यकृताच्या पेशी घे. महाग आहेत, पण इलाज नाही.

एनएपीक्यूआय पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथिओन संपवतं, मग मायटोकॉन्ड्रियात पेरॉक्सिनायट्राइट हे घातक रसायन वाढतं. रक्ततपासणीत मोजतात ते यकृताचं एन्झाइम, एएलटी, रक्तात येतं ते पेशी फुटल्यावर. आपल्याला पकडायचंय ते त्याआधीचं पेरॉक्सिनायट्राइट. त्यासाठीचा बोरोनेट (बोरॉनयुक्त) प्रोब मात्र हायड्रोजन पेरॉक्साइडलाही प्रतिसाद देतो, फक्त खूप सावकाश. म्हणून ‘निवडक’ शब्द जपून वापर. एन-ॲसिटिलसिस्टीन हा पॅरासिटामॉलवरचा उतारा दिलेला गट हवाच.

आता डीएमएसओ, म्हणजे प्रोबचं द्रावक. तो स्वतःच सीवायपी२ई१ अडवतो, म्हणजे प्रोब विरघळवायच्या नादात तू यकृत वाचवतेस! प्रमाण कमीत कमी ठेव आणि प्रोबशिवाय नुसता डीएमएसओ दिलेला कंट्रोल गटही लाव. शिवाय मुंबईचा पावसाळा: बाटली उघडी राहिली की तो हवेतलं पाणी शोषतो. छोट्या कुप्यांत भरून, बूच घट्ट लावून ठेव.

यकृत स्वतःही चमकतं, एनएडीएच आणि अ जीवनसत्त्वामुळे. निळा-हिरवा रंग टाळ, ६५० नॅनोमीटरच्या पुढे जा. तिथेही उंदरांच्या खाद्यातल्या अल्फाल्फाचं हरितद्रव्य पोटात लालभडक दिसतं, तेव्हा इमेजिंगच्या काही दिवस आधी खाद्य बदल. कुणी आपणहून सांगत नाही हे.