सोमवतीचे फोटो, बारावीची प्रीलिम आणि ८५ हजारांचा कॅमेरा

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. बाकीच्या पालकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. सासवडचं कुटुंब, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, मुलगा बारावी सायन्सला, आणि दोन वर्षांपासून पोरगं फोटो काढत सुटलंय. जेजुरीची सोमवती (सोमवारच्या अमावस्येची खंडोबाची यात्रा), दिवे घाटातली वारी, दसऱ्याचा खंडा (गडावरची जड तलवार), गावातली गणपतीची मिरवणूक, काही नसलं तर आठवडे बाजार. मावसभावाचा जुना डीएसएलआर कॅमेरा आहे, आता ८५ हजारांचा नव्या पद्धतीचा मिररलेस कॅमेरा पाहिजे म्हणतोय, आणि सहामाहीला मॅथ्समध्ये ३१ मार्क आलेत. तुम्ही विचारलंय, "मॅडम, यावर पोट भरेल का, का आत्ताच थांबवू?"

थांबवू नका. आणि पोट म्हणाल तर नुसत्या सणावारांच्या फोटोंवर ते नाही भरणार, हेही आत्ताच सांगून टाकते म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

तुम्ही पाठवलेले २३ फोटो मी लॅपटॉपवर बसून बघितले. त्यातले पंधरा-सोळा तर मी आधीच पाहिलेत, म्हणजे तुमच्या मुलाचे नाही हो, तसलेच. गडावर उधळलेल्या भंडाऱ्याचा, म्हणजे हळदीचा, पिवळा धूर, वर उडालेलं खोबरं, दीपमाळा, दिवे घाटातलं वळण आणि त्यावरून चाललेल्या दिंड्या. पुण्याहून दर सोमवतीला दीडशे जण मोठमोठ्या लेन्स घेऊन येतात आणि हाच फोटो काढून दुपारी मिसळ खाऊन परत जातात. वाईट नाहीत ते फोटो, पण त्यासाठी कोणी तुमच्या मुलाला बोलावणार नाही कारण ते सगळ्यांकडेच आहेत.

पण १४ नंबरचा फोटो. पालखी पुढे निघून गेलीय, मागे पायरीवर एक आजी बसलीय, चष्मा काढून लुगड्याच्या पदराने पुसतीये, कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं पिवळंधमक आणि चष्म्याच्या जागी दोन गोल तेवढे कोरे राहिलेत. मी या फोटोवर पाच मिनिटं थांबले. हा काढायला महागडा कॅमेरा लागला नाही, तो कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या किट लेन्सवर निघालाय, फक्त सगळे पालखीमागे पळत असताना हा मागे थांबला. ही गोष्ट क्लासमध्ये शिकवता येत नाही दादा, म्हणून म्हणतेय थांबवू नका.

त्याची खरी पुंजी कॅमेऱ्यात नाहीच्चे, ती सासवडला राहण्यात आहे. सोमवतीला पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला जाते, ती कुठल्या वळणावर थांबते, कोणाच्या ओट्यावरून नीट दिसते, कोणते काका वर गच्चीत जाऊ देतात हे त्याला माहितीये. माऊलींची पालखी सासवडला दोन दिवस मुक्कामाला असते, पुण्याचे फोटोवाले घाट झाला की माघारी फिरतात, आणि खरी मजा तर नंतर असते, तंबूत पाय चेपणारे, कपडे वाळत घालणारे, मोबाइल चार्जिंगला रांग लावणारे वारकरी. ते कोण काढणार? जो तिथलाच आहे तो. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलंय. दुसरे फोटोग्राफर संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर आणि वारीत असेच वर्षानुवर्षं फिरलेत. एक विषय धरून बसणं, एवढंच. त्याला सांगा पुढच्या वर्षभरात दहा सणांच्या मागे धावू नको, एकच धर, माझ्या मते सोमवती, वर्षातून साधारण दोन-तीनदा येते.

आता कॅमेरा. ८५ हजार आत्ता घालू नका. सेकंडहँड ५० एमएमची एक लेन्स घेऊन द्या, ती स्वस्तात मिळते, तिला झूम नसतं त्यामुळे माणसाजवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की बोलावं लागतं. आणि भंडाऱ्यात लेन्स बदलायची नाही, हे पाठ करून घ्या त्याच्याकडून! मी स्वतः एकदा हौसेने गडावर लेन्स बदलली होती, पुढचे तीन महिने प्रत्येक फोटोत आभाळात डाग, शेवटी सेन्सर साफ करून आणला तेव्हा तो साफ करणारा माणूस न विचारता म्हणाला, "जेजुरी का?" लेन्सच्या पुढे साधा यूव्ही फिल्टर (संरक्षक काच), बॉडीवर प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड, आणि घरी आल्यावर आधी ब्लोअर मग फडकं, नाहीतर हळदीने काच घासली जाते. अजून एक, त्याच्या बऱ्याच फोटोंत चेहरे निळसर-राखाडी आलेत, ते एवढा पिवळा रंग बघून कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवणारी सोय, गोंधळतो म्हणून. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, काढ म्हणावं, मग नंतर दुरुस्त होतं.

८ नंबरचा फोटो मात्र डिलीट करायला लावा. नदीवर आंघोळ करून साडी बदलणाऱ्या बायका. त्याच्या मनात वाईट नसणार, त्याला उजेड आवडला असेल, पण त्या बाईला कळलं तर तिला कसं वाटेल? तुम्ही बोलायला लाजाल म्हणून मीच लिहिते, हे पत्र त्याला वाचायला द्या. सार्वजनिक जागा आहे म्हणून काहीही काढायचं असं नसतं.

तुम्ही मंडळाचा किस्सा लिहिलाय, त्याचा फोटो न विचारता फ्लेक्सवर लावला, नावही नाही, तो भडकला आणि तुम्ही म्हणालात देवाचं काम आहे, जाऊ दे. भांडू नका हे बरोबर, पण तो भडकला हेही बरोबर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणाऱ्याचाच असतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं टिकतो. यात एक मेख आहे, कोणी पैसे देऊन फोटो काढायला सांगितले आणि वेगळं काही ठरलं नसेल तर हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणून पुढे ऑर्डरी घ्यायला लागला की व्हॉट्सॲपवर का होईना पण लिहून घ्यायचं. मंडळाला गोडीत सांगा, पुढच्या वेळी खाली नाव टाका.

पैसे कुठून येतात मग? लग्नांतून. नाक मुरडू नका आणि त्यालाही मुरडू देऊ नका. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, बारावीची परीक्षा संपली की ओळखीच्या एखाद्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे हाताखाली पाठवा, लाइट धरायला, कार्ड सांभाळायला. दोन जागी बॅकअप घेतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही ही शिस्त तिथेच लागते. प्रॉडक्ट, हॉटेलचे मेन्यू, शाळांचे कार्यक्रम, ही सगळी कामं आहेत. पेपरला गावाकडचे फोटो जातात, नाव छापून येतं, पैसे बेताचेच. स्टॉक साइटवर, म्हणजे फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर, टाकू असं त्याच्या डोक्यात असेल तर, ज्यात चेहरे ओळखू येतात आणि त्या माणसाची लेखी परवानगी नाही असे फोटो तिथे फक्त बातमी-लेखासाठी विकता येतात, जाहिरातीला नाही. सणांचे फोटो त्याची ओळख करून देतील, लोक ते बघून काम देतील, असं ते चालतं.

शिक्षणाचं. बारावीनंतर लगेच फोटोग्राफीचीच डिग्री पाहिजे असं काही नाही. अप्लाइड आर्टला (जाहिरातकलेला) जायचं तर मुंबईचं जेजे किंवा पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय, कोर्स चार वर्षांचा, त्यात फोटोग्राफी येते, पण तिथे प्रवेश फोटो दाखवून मिळत नाही, सीईटीत ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग असतं. तुमच्या पत्रात चित्रकलेचा उल्लेखच नाही, त्याला पेन्सिल धरता येते का ते आधी विचारा. नसेल तर साधी डिग्री करू दे, मास कम्युनिकेशन किंवा अगदी बीए सुद्धा, आणि हात चालू ठेवू दे. एनआयडी या डिझाइन संस्थेचा गांधीनगरचा फोटोग्राफी डिझाइनचा कोर्स, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटची सिनेमॅटोग्राफी, दिल्लीला जामिया विद्यापीठाचा स्टिल फोटोग्राफीचा डिप्लोमा, हे सगळं ग्रॅज्युएशननंतरचं आहे. म्हणजे घाई नाहीये. यंदाचे नियम आणि फिया मात्र त्या-त्या संस्थेच्या साइटवरच बघायच्या, कुणा एजंटचं ऐकायचं नाही.

मॅथ्सचे ३१ मार्क कॅमेऱ्यामुळे पडलेत असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही, पत्रात तुम्हीच लिहिलंय की अकरावीलाही ३४ होते आणि सायन्स तुमच्या आग्रहाने घेतलं. राग मानू नका. आत्ता साइड बदलायची वेळ नाही, बारावी नीट पास होऊ दे, पण पुढे इंजिनिअरिंग नाहीच हे घरात एकदा मोठ्याने बोलून टाका, निम्मं टेन्शन तिथेच उतरेल.

आणि त्याला एक गृहपाठ. १४ नंबरच्या फोटोची चांगली मोठी प्रिंट काढायची, त्या आजीला शोधायचं आणि नेऊन द्यायची. नाव काय, गाव कुठलं, कितव्या सोमवतीला आलीय हे विचारून फोटोमागे तारखेसकट लिहायचं. जे काम मिळवायचंय त्यात असं मागे लिहिलेलं लागतं, आणि त्याच्या २३ पैकी एकाही फोटोला तारीख नाही. सहा महिन्यांनी नवे बारा फोटो मला पाठवू दे, बाराच, निवडायला शिकणंही कामच आहे, तेव्हा मिररलेसचं बोलू.

तेवढं कॅलेंडर बघा पुढची सोमवती कधी आहे, आणि त्या दिवशी प्रीलिमचा पेपर नसेल तर जाऊ द्या त्याला.