‘बॉय’ला मुलगा म्हणू नका

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या (१८६१-६५) काळातली, दक्षिणेतल्या एका मळेवाल्या घरची पत्रं आणि हिशेबाचे कागद मराठीत आणायचे आहेत. पत्रांत गुलामांना सगळीकडे ‘सर्व्हंट्स’ म्हटलंय, आणि हिशेबात चांगल्या बाप्या माणसालाही ‘बॉय’. तर ‘नोकर’ आणि ‘मुलगा’ चालेल का?

अजिबात नाही. हे ‘नोकर’ आताशा जिथेतिथे वाचावं लागतं आणि दर वेळी डोकं उठतं. नोकर पगार घेतो, पटलं नाही तर सोडून जातो. शब्दाचं मूळ जे मोंगोल ‘नोकोर’, तो तर आपल्या मर्जीने सरदार निवडणारा साथीदार. आता जॉर्जियातल्या लिबर्टी काउंटीच्या चार्ल्स कॉल्कॉक जोन्स या पाद्रीबुवांचं घर घ्या. तीन मळे, शंभरावर गुलाम, आणि घरच्या पत्रांत मात्र ‘सर्व्हंट्स’. १८६२च्या जुलैत त्या भागातले गुलाम शत्रुपक्षाच्या, म्हणजे उत्तरेच्या, जहाजांकडे पळू लागले, तेव्हा हेच जोन्स आपल्या वकील मुलाला पत्रातून विचारतात, की मालकाची सत्ता झुगारणं हे बंड ठरवता येईल का? नोकर निघून गेला तर कुणी बंडाचं कलम शोधत बसतं का? तेव्हा पत्रात ‘सर्व्हंट’ तसाच ठेवा, तो मालकाचा सोवळा शब्द आहे. तुमच्या निवेदनात आणि टिपांत सरळ ‘गुलाम’ लिहा.

‘दास’ सुचवणारे विद्वान आहेत. संस्कृत दिसलं की यांना शब्द शुद्ध वाटतो. पण मराठीत दास माणूस आपणहून होतो, रामाचा नाहीतर विठ्ठलाचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुस्तक लिहिलं ते ‘गुलामगिरी’, आणि अर्पण केलं अमेरिकेतले गुलाम सोडवणाऱ्या तिथल्याच लोकांना. दीडशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न आहे हा.

आता खरी गंमत ‘बॉय’ची. अरबीत ‘गुलाम’ म्हणजे मुलगा, पोरगा! आधी नुसता पोरगा, मग कामाचा पोरगा, मग विकत घेतलेला. म्हणजे जॉर्जियातल्या मालकाचा ‘बॉय’ आणि आपला ‘गुलाम’ हे अर्थाने सख्खे भाऊ. ग्रीकांचा ‘पाइस’ आणि रोमनांचा ‘पुएर’ यांचीही हीच कथा; दोन्हींचा अर्थ मूल, आणि दोन्ही शब्दांनी पिकल्या केसांच्या गुलामालाही हाक मारत. पत्त्यांतला गुलाम आठवा. इंग्रजीत तो जॅक व्हायच्या आधी ‘नेव्ह’ होता, आणि ‘नेव्ह’ म्हणजे जुन्या इंग्रजीत मुलगाच. जर्मन लोक त्याच पत्त्याला ‘बूबे’ म्हणतात, पुन्हा मुलगा. तीन भाषांतल्या जुगाऱ्यांनी एकमेकांना न विचारता राजाराणीच्या खाली एक पोरगा बसवला!

बगदादच्या अब्बासी खलिफांच्या तुर्की गुलामांच्या फौजा उभ्या राहिल्या, त्यात अरबी ‘गुलाम’चा हा विकत घेतलेल्याचा अर्थ रुळला, असं अभ्यासक सांगतात. सांगोत. माझ्या मते वळण त्याआधीच दिसतं, भावांनी विहिरीत टाकलेल्या यूसुफच्या कुराणातल्या गोष्टीत. विहिरीवर आलेला पाणक्या पोहरा सोडतो आणि ओरडतो, आनंदाची बातमी, हा तर ‘गुलाम’! म्हणजे पोरगा. त्याच आयतीत काफिल्यातले लोक त्याला विकायचा माल म्हणून लपवतात, पुढच्या आयतीत मोजक्या दिरहमांना विकून टाकतात. पोरगा, माल, विक्री, सगळं दोन आयतींत. याला योगायोग म्हणणाऱ्यांनी म्हणावं. मालकाने पोराचाच शब्द का उचलला, तेही उघड आहे: लहान मुलाच्या नावावर काही नसतं आणि त्याचा शब्द कोणी विचारात घेत नाही. गुलाम कितीही म्हातारा झाला तरी त्याला त्याच वयात ठेवायचं. १८६०च्या अमेरिकन जनगणनेतले गुलामांचे तक्ते बघा: मालकाचं नाव ठळक, खाली गुलामांचं फक्त वय, लिंग आणि रंग.

हिशेबाचं राहिलंच. ‘हायर’ला पगार किंवा मजुरी लिहाल तर सगळा अर्थ उलटा होईल. नवीन वर्षापासून नाताळपर्यंत गुलाम दुसऱ्याकडे कामाला दिला जाई. घेणाऱ्याने कपडे, जोडे, कांबळं द्यायचं आणि पैसे मालकाच्या हाती. बैल देऊन घेतो तसं ते भाडं. मालकाच्या वहीत जमेला पडणार. युद्धात तटबंदीच्या कामाला सरकारने नेलेल्या गुलामांचे पैसेही मालकाच्याच नावे लागत. पगार होता तो ओव्हरसियरला, म्हणजे मळ्यावर गुलामांकडून काम करून घेणाऱ्या मुकादमाला, वर्षाच्या बोलीने. त्याला खुशाल नोकर म्हणा. आणि आकडे नुसते उतरवू नका, शेजारी साल लिहा; युद्धात दक्षिणेच्या कागदी पैशाची किंमत घसरत गेली. १८६५च्या सुरुवातीला सोन्याच्या एका डॉलरला दक्षिणेचे कागदी पन्नास-साठ डॉलर पडत होते.