वाचकांच्या शंका : मातीच्या पाट्यांवरचा जमाखर्च

प्रश्न : छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नातवाला असिरियन शिलापट्ट दाखवताना ‘हे सुमेरियन लोकांचे काम’ असे मी सांगून गेलो. माझे चुकले का? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

उत्तर : तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या त्याच, पण काळ आणि माणसे निराळी. सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग, तर असिरिया उत्तरेकडचा. ऊर नगराचा पाडाव इ.स.पू. २००४ च्या सुमारास झाला आणि सुमेरियन राजसत्ता कायमची संपली. असिरियन सम्राटांनी आपले राजवाडे अशा शिलापट्टांनी मढवले ते इ.स.पू. नवव्या शतकापासून. अंबरनाथचे शिवमंदिर आज आपल्यापासून जितके दूर आहे, त्याहून अधिक अंतर या दोहोंमध्ये आहे. नातवाला पुन्हा एकदा घेऊन जाण्यास हे निमित्त पुरेसे आहे.

प्रश्न : सुमेरियन भाषा आज पृथ्वीच्या पाठीवर कोणीही बोलत नाही. मग तिच्यातील मजकूर वाचता आला कसा? (एक शिक्षिका, दादर)

उत्तर : याचे श्रेय प्रथम सुमेरियन कारकुनांना, नंतर बाबिलोनच्या विद्यार्थ्यांना आणि सरतेशेवटी ज्याची कारकीर्द आपल्या मुंबईत सुरू झाली अशा एका लष्करी अधिकाऱ्याला द्यावे लागते.

उरुक नगरात इ.स.पू. ३२०० च्या सुमारास लिहिलेल्या पाट्यांवर स्तोत्रे किंवा राजांची चरित्रे नाहीत; बहुतांशी आहे तो जमाखर्च. जव किती आले, मेंढ्या किती, जवाची बिअर किती आणि कोणत्या कामकऱ्यांना किती शिधा दिला, एवढेच ओल्या मातीवर बोरूने उमटवलेले आहे. शिध्यासाठी वाडग्याचे चिन्ह होते आणि त्याला माणसाचे डोके जोडले की त्याचा अर्थ ‘खाणे’ असा होई. पण चित्रात न मावणाऱ्या गोष्टींचे काय करायचे? सुमेरियन भाषेत ‘ती’ म्हणजे बाण, आणि ‘आयुष्य’ या अर्थाचा शब्दही जवळजवळ त्याच उच्चाराचा. तेव्हा आयुष्य लिहायचे झाले की बाणाचे चिन्ह वापरावे, अशी युक्ती निघाली. चिन्हाने वस्तूऐवजी ध्वनी दाखवायचा ही कल्पना मला त्यांच्या उंच मंदिरांहून आणि राजांच्या विजयांहून मोठी वाटते, कारण तिच्यामुळेच हिशेबाच्या खुणांची पूर्ण लिपी झाली.

ही भाषा लोकांच्या तोंडून गेली, तरी शाळांतून गेली नाही. शाळेला ‘एदुब्बा’, म्हणजे पाट्यांचे घर, म्हणत. पाटी-पेन्सिलीच्या पिढीला हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही. बाबिलोनमध्ये घरी अक्कादी बोलणारी मुले पाठशाळेतल्या संस्कृतप्रमाणे सुमेरियन घोकत आणि त्यांच्यासाठी दोन्ही भाषांतले शब्द शेजारीशेजारी मांडलेल्या याद्या तयार होत. अक्कादी ही अरबी आणि हिब्रू यांच्या कुळातली असल्याने, लिपीची उकल होताच ती समजू लागली, आणि मग या शालेय याद्यांच्या आधारे सुमेरियनचे दारही उघडले.

लिपीची उकल ज्यांच्या परिश्रमाने झाली त्यांपैकी हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला होता. पुढे इराणात नेमणूक झाल्यावर त्याने १८३५ पासून बेहिस्तूनच्या कड्यावरील इराणी सम्राट दरायसचा त्रैभाषिक लेख (त्यांतली एक भाषा अक्कादी), प्रसंगी जीव धोक्यात घालून, उतरवून घेतला. एडवर्ड हिंक्स या आयरिश धर्मगुरूचा वाटाही तितकाच मोलाचा आहे, तो अनेकदा विसरला जातो. ‘सुमेरियन’ हे नाव मात्र १८६९ मध्ये झ्यूल ओपेर या अभ्यासकाने रूढ केले.

प्रश्न : तासाची ६० मिनिटे त्यांनीच ठरवली का? (एक विद्यार्थी, डोंबिवली)

उत्तर : मिनिटे नव्हेत, ६० हा पाया त्यांचा. या संख्येला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० यांनी निःशेष भाग जातो, त्यामुळे शिधा वाटणाऱ्याला ती फार सोयीची. बाबिलोनच्या गणितज्ञांकडून ही पद्धत ग्रीक ज्योतिर्विदांकडे आणि तेथून घड्याळापर्यंत आली. आपल्या पंचांगातही अहोरात्राच्या ६० घटिका असतात, पण केवळ आकडा जुळला म्हणून कोणी कोणाची उचल केली असे म्हणणे घाईचे ठरेल.

प्रश्न : सुमेरियन लोक मूळचे भारतीयच होते, असा एक संदेश आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत आहे. त्यात तथ्य आहे का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : संबंध होता, तो व्यापाराचा. लेनर्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात ऊर येथे केलेल्या उत्खननात राजघराण्याच्या थडग्यांतून रक्तवर्णी अकीकाचे मणी निघाले, त्यांपैकी काहींची घडण थेट सिंधू संस्कृतीची आहे. अक्कादचा राजा सारगोन आपल्या लेखात दिलमून, मगान आणि मेलुहा येथील जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, अशी बढाई मारतो. दिलमून म्हणजे बहारीनचा परिसर, मगान म्हणजे ओमानकडील किनारा आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोरे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सुमेरियन भाषेचे नाते मात्र आजवर कोणत्याही ज्ञात भाषेशी सिद्ध झालेले नाही, मग ती द्रविड असो वा संस्कृत. आपल्या सोसायटीतील मंडळींना पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका लहानशा मुद्रेविषयी जरूर सांगावे. ती अक्कादच्या काळातील शू-इलिशू नावाच्या गृहस्थाची असून, तिच्यावर त्याचा व्यवसाय कोरलेला आहे : मेलुहाच्या भाषेचा दुभाषी.